नानांची डाळिंबी, बाबांची पांढरी

“ह्यात माझं नाव खाली का आहे?” नानाकाका मॉनिटरपासून हातभर मागे सरत म्हणाले.

“खाली नाही नाना, शेजारी आहे.”

“मग शेजारी तरी आधी का नाही? आधी मधुसूदन, मग विश्वनाथ.”

“अक्षरांच्या क्रमाने लावलीत. म आधी येतो, व नंतर.”

“ते शाळेत. दुकानात मी चार वर्षं आधी आलोय,” नाना म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की बोलणं संपलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी बोळ ओलांडून मागच्या खोलीत गेले. तिथे माझे वडील सुरांची फळी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना लॅपटॉपवर तेच पान दाखवलं.

“अशी शेजारी शेजारी नावं लग्नपत्रिकेत असतात,” बाबा म्हणाले. “आणि हा लाल रंग कुणाचा?”

“डाळिंबी आहे.”

“कुणाचा, ते विचारलं.”

“नानांना आवडतो.”

“मग त्यांच्या खोलीला दे. आणि माझं नाव एकट्याचं वर घे. सूर नसले तर ती पेटी कसली? कपडे ठेवायची ट्रंक.”

मी पुन्हा पुढच्या खोलीत आले. बाबांचं वाक्य जसंच्या तसं सांगायचा मूर्खपणा केला. नाना शांतपणे म्हणाले, “आणि पेटी नसली तर सूर काय बरणीत ठेवणार का?”

ही दोन हजार तेराच्या जून महिन्यातली गोष्ट. कराडच्या पेठेत आमचं पेट्यांचं दुकान होतं. पेट्या म्हणजे हार्मोनियम. आजोबांनी सुरू केलेलं, ‘वेदपाठक हार्मोनियम वर्क्स’. पुढच्या खोलीत नाना लाकडाचं सगळं बघायचे, खोकं, भाता, पट्ट्या, पॉलिश. मागच्या खोलीत बाबा सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, फळीवर बसवायचे आणि लावायचे. पूर्ण पेटी एकट्याने करणं दोघांपैकी एकालाही जमत नव्हतं. आणि ही दोन सख्खी माणसं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण विचाराल तर सोलापूरची एक पेटी. एका भजनी मंडळाची पेटी एकाच पावसाळ्यात भसाडा आवाज काढायला लागली म्हणून परत आली. बाबा म्हणाले, लाकूड ओलं होतं. नाना म्हणाले, सूर सैल बसवलेत. पेटी उघडून पाहिली असती तर पाच मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. पण मग कुणीतरी एक चुकलेला ठरला असता. म्हणून मंडळाला नवी पेटी दिली, जुनी माळ्यावर गेली आणि बोलणं बंद झालं.

काम मात्र थांबलं नाही. दोन खोल्यांमधल्या बोळात एक बाक होतं. नानांचं खोकं तयार झालं की ते बाकावर यायचं, आत चिठ्ठी. “भाता तपासावा. वि.” दोन दिवसांनी पेटी उलट दिशेने बाकावर. “तपासला. काळी चार घासते, पाहावे. म.” एकदा बाबा तापाने चार दिवस झोपून होते, तर पाचव्या दिवशी आलेल्या खोक्यात चिठ्ठी होती, “औषध घेतले का. वि.” बाबांनी खाली लिहिलं, “घेतले. म.” आणि सूर बसवायला घेतले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याला एका कंपनीत दोन वर्षं लोकांच्या वेबसाइटी करून, कंटाळून घरी परत आले होते. घरी आल्याच्या आठवड्यातच काकूने आईला सांगितलं. ह्या दोघी जावा मात्र रोज बोलायच्या, सहा वर्षांत त्यांनी एक दिवस खाडा केला नव्हता.

“हे म्हणतायत, दिवाळीपर्यंत बाहेरगावच्या ऑर्डरी आल्या तर ठीक. नाहीतर वाटणीचा कागद करून टाकायचा,” काकू म्हणाली. “गोसावी वकिलांकडे मसुदा पडूनच आहे.”

“आमच्याकडेही तेच चाललंय,” आई म्हणाली.

मला वाटणी नको होती. मी त्या बोळात वाढले होते, त्या बाकावर अभ्यास केला होता. पण खरं कारण ते नाही. दुकान फुटलं तर ही दोन माणसं एकमेकांना चिठ्ठीसुद्धा लिहिणार नाहीत अशी माझी खात्री होती, आणि त्याची मला भीती वाटायची. भीती हाच शब्द बरोबर आहे. रात्री जेवताना बाबांच्या घशाशी घास अडला तरी मला वाटायचं, हे आता नानांना कोण सांगणार?

म्हणून मी म्हटलं, दुकानाची वेबसाइट करते. बाहेरगावहून ऑर्डरी येतील. दोघांना विचारलं. दोघांनी बाकावर उत्तर ठेवलं. “करावी. वि.” “करावी. म.”

वेबसाइट केली ती वर्डप्रेसवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्यात मजकूर एकीकडे असतो आणि साइटचं रूप दुसरीकडे. रूपाला थीम म्हणतात. माणूस तोच ठेवून कपडे बदलावेत तशी मजकुराला हात न लावता थीम बदलता येते. चांगल्या थीम विकत मिळतात, बऱ्या थीम फुकट. मी फुकट घेतली. तिच्यात करणाऱ्याने नमुन्याचे फोटो आणि नमुन्याच्या ओळी घालून ठेवलेल्या असतात. ते काढायचं आणि आपलं घालायचं, एवढंच काम. मला वाटलं होतं, दोन दिवसांत होईल.

नऊ दिवस झाले तरी वरची पट्टी ठरेना. नानांना डाळिंबी रंग हवा होता, झाकण बंद असलेल्या चकचकीत पेटीचा फोटो हवा होता आणि वर ‘विश्वनाथ न. वेदपाठक’. बाबांना स्वच्छ पांढरं पान, उघड्या पेटीतली सुरांची फळी आणि वर ‘मधुसूदन न. वेदपाठक’. मी पाळीपाळीने दिसणारी नावं करून पाहिली. पाच सेकंद हे, पाच सेकंद ते. नानांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं.

“त्याचं जास्त वेळ दिसतं.”

“पाचच सेकंद आहे नाना, दोघांचं.”

“माझं येतं तेव्हा पान उघडत असतं. त्यात दोन सेकंद जातात.”

खरं होतं. ते काढून टाकलं.

दहाव्या दिवशी, दुपारी भाकरी खाता खाता, मला युक्ती सुचली. त्या युक्तीचा मला किती अभिमान वाटला होता हे आज सांगायला लाज वाटते, पण वाटला होता. साइटवर आपापल्या नावाने आत जाता येतं. मी नानांचं खातं काढलं, बाबांचं खातं काढलं. पुढच्या कॉम्प्युटरवर नानांना कायमचं आत घालून ठेवलं, मागच्या लॅपटॉपवर बाबांना. आणि थीममध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या. बघणारे नाना असतील तर साइट डाळिंबी, बंद पेटी, विश्वनाथ वर. बघणारे बाबा असतील तर पांढरी, उघडी पेटी, मधुसूदन वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना साइट दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

“त्याला चाललं हे?”

“त्यांनी बघितलंय,” मी म्हटलं. आधीची साइट बाबांनी बघितली होती, एवढं खरं होतं.

“बरं झालं. समजूत आली म्हणायची.”

मग मागच्या खोलीत बाबांनी त्यांची साइट बघितली. फळी खाली ठेवली, हात पुसले आणि स्क्रीनच्या जवळ जाऊन आपलं नाव वाचलं.

“नाना काही बोलले नाहीत?”

“नाही.”

“तसे ते मनाने वाईट नाहीत,” बाबा म्हणाले. सहा वर्षांत नानांबद्दल आमच्या घरात बोललेलं ते पहिलं बरं वाक्य होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. तिला वाटलं, मला नोकरी लागली.

त्यानंतरचे चार महिने आमच्याकडे फार सुखाचे गेले. नाना रोज दुकान उघडलं की विश्वकर्म्याच्या तसबिरीला उदबत्ती लावायचे, मग कॉम्प्युटर लावून साइट बघायचे, मग रंधा हातात घ्यायचे. मागे बाबांचंही तसंच. चिठ्ठ्या लांबल्या. “भाता उत्तम झाला आहे. म.” अशी एक आली, तर नानांनी ती खिशात ठेवली. मी मधूनमधून दोन्ही रूपं सुधारत होते. डाळिंबीची छटा थोडी गडद, पांढऱ्यावर नावाचं अक्षर थोडं मोठं. माझ्या खात्यातून मला दोन्ही आलटून पालटून बघायची सोय मी करून घेतली होती. पुण्याच्या एका मैत्रिणीला साइट पाठवली, तर तिने कळवलं, “एकदम ऊबदार वाटतं गं!” मी ते डाळिंबी रंगाचं कौतुक समजले.

फक्त ऑर्डरी येत नव्हत्या.

साइटवर माणसं यायची, हे मला आकड्यांवरून दिसायचं. यायची आणि आठ-नऊ सेकंदांत निघून जायची. फोनही आले. पण विचित्र.

“किती वाजेपर्यंत चालू असतं?” कुणीतरी विचारायचं.

“सकाळी नऊ ते रात्री आठ,” नाना सांगायचे. “मध्ये जेवायला बंद.”

“बसायला जागा आहे ना?”

“सतरंजी आहे की. मांडी घालून बसायचं.”

फोन बंद व्हायचा. नाना रिसीव्हरकडे बघत म्हणायचे, “हल्लीच्या पोरांना मांडी घालवत नाही. पेटी काय उभ्याने शिकणार?”

ऑक्टोबर उजाडला. दिवाळी तोंडावर आली. काकू आईला म्हणाली, “वकिलांचा फोन येऊन गेला.” बाबा मला म्हणाले, “पान चांगलं आहे गं, पण त्या लाल रंगासारखं काही राहिलं नाही ना कुठे आत? लोक बिचकत असतील.” नाना म्हणाले, “त्याचं नाव कुठे मध्येच दिसत नाही ना?” मी दोघांना नाही म्हणून सांगितलं आणि डाळिंबीची छटा आणखी गडद केली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, बार्शीच्या मोकाशीबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. तिथे त्यांचा गाण्याचा वर्ग होता. कराडला भाचीच्या साखरपुड्याला आल्या होत्या.

“पेट्या करता ना अजून?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“अजून म्हणजे?” नाना म्हणाले. “बसा.”

गिऱ्हाईक पेटी वाजवून बघायला बसलं की दोघा भावांनी समोर असायचं, हा आजोबांच्या वेळचा रिवाज. तो मात्र दोघांनी कधी मोडला नव्हता. दोघं समोर बसायचे आणि दोघंही गिऱ्हाइकाशी बोलायचे. मी बाबांना बोलावून आणलं. बाईंनी पेटी ओढली, भाता दोनदा हलवून बघितला आणि डोळे मिटून पाचेक मिनिटं वाजवलं. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी बसून ऐकत होते.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या. “मला बारा हव्यात. वर्गाच्या सगळ्या जुन्या पेट्या बदलायच्यात.”

बारा! बारा पेट्या म्हणजे वर्षभराच्या कामाचा चौथा हिस्सा. वाटणी टळली, असं मी मनात म्हणून टाकलं.

“एक सांगू का?” मोकाशीबाई पुढे म्हणाल्या. “मी येणारच नव्हते. भाच्याने मोबाइलवर तुमचं काढून दिलं. ते बघून म्हटलं, ह्यांनी पेट्या बंद करून हॉटेल काढलेलं दिसतंय.”

“हॉटेल?” नाना म्हणाले.

“कॉफीचं. पण खाली पत्ता पेठेतलाच होता. म्हटलं, आलोच आहोत तर डोकावून जावं.”

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, बोटाने खालीवर केलं आणि सतरंजीवर मधोमध ठेवला. नाना डावीकडून वाकले, बाबा उजवीकडून.

“कप आहे,” बाबा म्हणाले.

“त्यात फेसाचा बदाम काढलाय,” नाना म्हणाले.

“मागे दाढीवाला कोण आहे?”

“ओळखीचा वाटत नाही.”

सहा वर्षांनी एकमेकांशी बोललेली ती पहिली चार वाक्यं. बोलणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, पण मला आनंद व्हायला सवड मिळाली नाही, कारण तोवर मी तो कप ओळखला होता. थीम घेतली तेव्हा तिच्यात आलेला तो नमुन्याचा फोटो होता. वर इंग्रजीत लिहिलं होतं की आपल्या दिवसाचा आनंद इथून सुरू होतो.

“हे आमचं नाही,” नाना बाईंना म्हणाले. “आमचं डाळिंबी आहे.”

“पांढरं,” बाबा म्हणाले.

“डाळिंबी.”

“पांढरं आहे हो. मी रोज सकाळी बघतो.”

“मीसुद्धा रोजच बघतो.”

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. “शलाका!” हेही एकदमच.

मी उठून उभी राहिले. शाळेत राहायचे तशी.

“मला दिसतं ते डाळिंबी कुणाला दिसतं?” नानांनी विचारलं.

“तुम्हाला.”

“ते कळलं. आणखी?”

“आणखी कुणाला नाही.”

“आणि माझं पांढरं?” बाबा म्हणाले.

“तुम्हालाच.”

“आणि लोकांना?”

मोकाशीबाईंनी माझ्यावर दया केली. “लोकांना कॉफी,” त्या म्हणाल्या.

काय झालं होतं ते मला उभ्या उभ्या कळत गेलं. बघणारे नाना असतील तर हे, बाबा असतील तर ते, असं मी लिहिलं होतं. दोघांपैकी कुणीच नसेल तर काय, ते लिहायचं राहिलं होतं. मुद्दाम ठेवलं होतं का? नाही. विसरले होते का? तसंही नाही. पेटी विकत घेणारा माणूस चार महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. मी दोन माणसांसाठी वेबसाइट केली होती, आणि ते दोघंही दुकानाचे मालक होते. पेठेतलं कुणी आम्हाला सांगायला यावं तर पेठेतल्यांना दुकान समोरच दिसत होतं, ते साइट कशाला बघतील?

“चार महिने?” नाना म्हणाले.

“चार महिने आणि सहा दिवस.”

नानांनी मान वळवली. “मधू, ही तुझी मुलगी.”

“कॉम्प्युटर तुम्ही घेऊन दिलात तिला,” बाबा म्हणाले. “दहावी पास झाली तेव्हा.”

“अभ्यासाला दिला होता.”

“मी सायकल द्या म्हणालो होतो.”

“तू म्हणाला नव्हतास.”

“म्हणालो होतो नाना. इथेच बसून म्हणालो होतो.”

“असशील म्हणाला. ऐकायला हवं होतं मी.”

मग दोघंही थांबले. आपण काय करतोय ते बहुधा तेव्हाच त्यांना कळलं असावं. नाना पेटीच्या झाकणावरची नसलेली धूळ पुसायला लागले. बाबांनी उगीचच एक पट्टी दाबली. भात्यात हवा नव्हती, त्यामुळे आवाज आला नाही. मोकाशीबाईंना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“मग बारा जमतील ना?” त्यांनी विचारलं.

“जमतील,” दोघं म्हणाले.

त्या दिवशी मी कप आणि दाढीवाला काढून टाकला, आणि ‘वेदपाठक हार्मोनियम वर्क्स, कराड’ एवढं एकच नाव आणि फोन नंबर असलेलं साधं पान लावलं. कुणी काही विचारलं नाही. दुपारी नानांनी तयार खोकं उचललं, बाकावर ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि स्वतः मागच्या खोलीत घेऊन गेले. दार अर्धं लोटून घेतलं. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा हसणंही ऐकू आलं. मी धावत काकूकडे गेले. काकूने लगेच गॅसवर रवा भाजायला ठेवला, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. तो शिरा आम्ही पाचही जणांनी रात्री एकत्र बसून खाल्ला. चूक करून का होईना, मी जिंकले असं मला वाटलं. त्या रात्री मी फार छान झोपले.

गुरुवारी सकाळी गोसावी वकील फाइल घेऊन दारात उतरले.

मला आधी वाटलं, ते मसुदा परत करायला आलेत. नानांनी त्यांना सतरंजीवर बसवलं, बाबा मागून येऊन बसले. वकिलांनी पेन काढलं आणि म्हणाले, “बाब पहिली. इमारत.”

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“वाटणी,” नाना म्हणाले. सहज. चहा, म्हणावं तसं.

“पण ऑर्डर आली ना! बारा पेट्यांची आली. दिवाळीच्या आत आली.”

“आली की.”

“आणि तुम्ही बोलताय!”

“म्हणून तर,” नाना म्हणाले. “ह्या मसुद्यात बावीस बाबी आहेत. बावीस ठिकाणी एकमेकांना विचारावं लागतं, हे तू घेतोस का, ते मी घेऊ का. दोन वर्षं हा कागद का पडून होता? बोलायचं कुणी? चिठ्ठ्यांवर वाटणी होत नाही.”

“म्हणजे तुम्ही बोलत नव्हता...”

“म्हणून दुकान एक होतं,” बाबा म्हणाले.

मला भयंकर राग आला. त्यांचा, माझा, सगळ्यांचाच. ज्या गोष्टीला मी पाच महिने घाबरत होते, ती मीच दोघांना एका मोबाइलवर वाकायला लावून घडवून आणली होती. “मग आता भांडण मिटलंय तर कशाला वाटणी?” मी ओरडले. “कशाला?”

“ते मिटलेलं राहावं म्हणून,” बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. “दुकान एक असलं की परत आलेल्या पेटीत चूक कुणाची, ते ठरवावं लागतं. दोन असली म्हणजे लाकडाचं नाना बघतील, सुरांचं मी बघीन. माझ्याकडे भाता गळका आला तर मी परत पाठवीन. त्यात भावाचा काय संबंध?”

“आणि सूर मला पटले नाहीत तर तोंडावर सांगेन,” नाना म्हणाले. “गिऱ्हाईक असणार मी ह्याचा.”

“सांगा ना. सांगाच.”

वकिलांनी खाकरून दुसरी बाब वाचली. मी कोपऱ्यात जाऊन बसले. सव्वा तासात बावीस बाबी झाल्या. सागाच्या फळ्या नानांकडे, सुरांची कपाटं बाबांकडे. पॉलिशची जागा नानांकडे, बोळ दोघांचा. “शिसवीचं ते जुनं खोकं तू घे,” नाना म्हणाले, तर बाबा म्हणाले, “मला काय करायचंय, तुम्ही केलंय ते.” इतकं गोड बोलत होते की वकील एकदा पेन थांबवून दोघांकडे बघत राहिले. मला ते गोड बोलणं ऐकवत नव्हतं.

“आता राहिलं नाव,” वकील म्हणाले. “वेदपाठक हार्मोनियम वर्क्स. हे नाव पुढे कोण लावणार?”

“हा लावेल,” नाना म्हणाले. “सूर त्याचे. मी आपला फर्निचरवाला.”

“छे! थोरले तुम्ही,” बाबा म्हणाले. “वडिलांबरोबर बसलात तुम्ही. मी नाही लावणार.”

“मीही नाही लावणार.”

“मग मी काय लिहू?” वकील म्हणाले. “कुणाला तरी घ्यावं लागेल. आणि मसुद्यात नाही, पण ते संकेतस्थळ केलंत ना तुम्ही, तेही कुणाच्या तरी नावावर टाकायला हवं.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग नानांनी कोपऱ्याकडे हात केला.

“ते हिच्याकडे.”

“बरं. आणि नाव?”

“नाव त्याच्यावरच लिहिलेलं आहे की,” बाबा म्हणाले. “तेही हिच्याकडेच जाऊ दे. काय नाना?”

“हो, हो. वेगळं कशाला काढायचं?”

वकिलांनी मोठ्याने वाचत लिहिलं, “वेदपाठक हार्मोनियम वर्क्स हे नाव व त्याचे संकेतस्थळ चि. शलाका मधुसूदन वेदपाठक हिजकडे राहील. त्यावर उभयतांचा कोणताही हक्क राहणार नाही.”

“मी काय करू त्याचं?” मी म्हटलं. माझा आवाज मलाच भांडखोर वाटला.

“पेट्या वीक,” नाना म्हणाले. “खोकी माझ्याकडून घे. सूर ह्याच्याकडून बसवून घे. मोकाशीबाईंच्या बारा तुझ्याच समज.”

सवयीने, राग तसाच ठेवून, मी रोजचाच प्रश्न विचारला. “वर नाव कुणाचं आधी घालू? आणि रंग कुठला ठेवू?”

विचारलं आणि दोघं एकदम बोलायला लागतील म्हणून वाट बघत थांबले. नानांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी नानांकडे बघितलं.

“आम्हाला काय विचारतेस?” नाना म्हणाले. “दुकान तुझं आहे.”

मला तिथेच, सगळ्यांच्या देखत, रडू कोसळलं. वकिलांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “आधी डोळे पुसा, मग सही करा. शाई पसरेल.”